बायको तायक्वांदो शिकवते. घरच्यांनी नेमकं काय करायचं?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. कराटे, तायक्वांदो, जुदो, कुस्ती, लाठीकाठी, जे काही शिकवत असतील त्यांच्या नवऱ्यांनी किंवा बायकांनी शक्यतो उत्तर द्या. "वा, वहिनींचा अभिमान वाटतो" हे नातेवाईक फुकटात सांगतात, ते नकोय. मला व्यवहाराचं विचारायचंय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. वेळ नऊ ते सहा, पण कंटेनर लागला की घड्याळाकडं बघायचं नाही. बायको एका शाळेत कंत्राटी पीटी टीचर आहे आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ आमच्याच सोसायटीच्या मोकळ्या जागेत तायक्वांदोचा क्लास घेते. पोरं चाळीसच्या आसपास, त्यात निम्म्याच्या वर मुली. ती तिसरा दान (काळ्या पट्ट्याच्या वरची तिसरी पायरी) आहे, कोरियाच्या कुक्कीवॉनचं, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्य केंद्राचं सर्टिफिकेट आहे. तिसऱ्यानंतर चौथ्याला बसायला किमान तीन वर्षं जावी लागतात, ती आता भरत आलीत. चौथा झाला की तिकडच्या इन्स्ट्रक्टर कोर्सला बसता येतं. तिचं म्हणणं, शाळा सोडते, विजापूर रोडला एक हॉल बघितलाय तो भाड्याने घेऊ, सकाळी एक बॅच आणि संध्याकाळी दोन. शाळेचा पगार तसाही कधी येईल त्याचा भरवसा नसतो.

माझी ना नाहीये. पण अडचणी आहेत.

पहिली वेळेची. साडेपाच ते आठ ही घराची सगळ्यात नडीची वेळ. पोरगी चौथीत, तिचा अभ्यास. आईचा चहा, बीपीची गोळी, दिवाबत्ती, स्वयंपाक. पाहुणे यायचे तेही तेव्हाच. आणि सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे इथं कुणाला सांगायला नको. आमच्याकडं पाण्याची पाळी असली की नेमकं क्लासच्या वेळेला येतं. खाली ती पोरांना रांगेत उभं करून "चारियत, क्युंगन्ये" करायलीय आणि वर गॅलरीतून आई ओरडायलीय, "अगं पाणी आलंऽऽ!" वाकून नमस्कार करणारी चाळीस पोरं तशीच वाकल्या वाकल्या मान वर करून बघतात.

दुसरी अडचण आई. ती वाईट नाही. लग्न ठरलं तेव्हा "पोरगी राज्याला खेळलीय" म्हणून तिनंच सगळ्या भावकीत सांगितलं होतं. खेळलेली सून चालते, शिकवणारी चालत नाही असं काहीतरी आहे. "खेळली तेवढं बास की, आता दुसऱ्याची पोरं कशाला बडवायची?" स्पर्धेला मुलींना घेऊन पुण्याला बालेवाडीला मुक्कामी जायचं असलं की घरात दोन दिवस आधीपासून भांडी जरा जास्त वाजतात.

तिसरी अडचण मी स्वतः. माझं वजन ८४ किलो, पाय गुडघ्याच्या वर जात नाही. पण मी क्लासच्या बाजूला नुसता उभा राहिलो तरी पालक माझ्याकडं येतात. "सर, आमच्या पोराला जरा टाईट करा." "सर, फी जूनपासून वाढणार का?" शेजारी ती काळा पट्टा बांधून उभी असते. मागच्या बेल्ट परीक्षेला पालकांनी शाल-नारळ आणला तो मला. स्टेजवर बोलावून. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर शालीची घडी घालून माझ्या कपाटात ठेवली, तिच्या नाही.

तर विचारायचं हे: क्लासला मी जावं की जाऊ नये? गेलो तर काय करावं? नोकरी सोडून पूर्णवेळ क्लास करणाऱ्यांच्या घरी पैशाचं गणित कसं बसवतात? आणि आईचं काय करू?

शोटोकानच्या_काकू

दादा, तुमचा प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला तर आमचे हे म्हणले, "शाल तुझ्या कपाटात ठिवायची असती तर मला मिळाल्याल्या शालींचं दुकान निघंल." म्हणून मीच लिहायला बसले. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

आमचे हे शोटोकान कराटे शिकवतात. आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ह्यांच्याकडं फंडाचा चेक आणि ब्लॅक बेल्ट एवढंच होतं. चेक संपला. बेल्ट अजून चाललाय. मी त्या वेळी घरात टॉवेलला शिलाई मारायची, डझनाच्या भावानं. माझी आई विड्या वळायची. म्हणजे बसल्या जागी हातानं पैसा कसा काढायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

क्लास सुरू झाला तसं पोरं बाजारातनं ड्रेस आणायची. पातळ कापड, दोन धुण्यांत आखूड. आणि पायजमा जांघेत उसवायचा. का, तर शिवणाऱ्यानं मध्ये चौकोनी कळी घातलेली नसायची. कळी नसली की पहिल्याच मावाशी गेरीला, म्हणजे पाय गोल फिरवून मारायच्या लाथेला, टर्रकन. पोरगं रडत माझ्याकडं, मी सुईदोरा घेऊन. शेवटी म्हणलं, मीच शिवते की. जाड सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच कापायचं. जांघेत कळी, गुडघ्याला आतनं दुहेरी तुकडा, जाकिटाच्या बगलेला दुहेरी शिलाई. नाकातलं रक्त सांडलं तर लगेच गार पाणी आणि मीठ. गरम पाणी घातलं की डाग कायमचा बसला. सगळ्या आयांना हेच सांगत असते, तरी गरम पाण्यात घालतात.

हे सगळं कशाला सांगितलं? तुम्ही विचारलं ना, गेलो तर काय करावं. तर असं काम धरा जे केलं नाही तर क्लास अडतो, आणि केलं तरी कुणी तुम्हाला सर म्हणत नाही. मॅट झाडा, अंथरा, गोळा करा. आल्यागेल्याची वही ठेवा. पॅड फाटला, शिवून आणा. पाच वाजता पाण्याचा जार भरून ठेवा. पालक आला आणि "सर" म्हणला की तुम्हाला उत्तर येत असलं तरी द्यायचं नाही. "मॅडमना विचारा." फी किती हे पाठ असलं तरी "मॅडमना विचारा." चार-सहा महिने नेटानं केलंत तर लोक आपोआप तिच्याकडं वळतात. आणि बेल्ट परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या पालकांतल्या एका शहाण्या बाईला गाठून शाल कुणाला घालायची ते नीट सांगून ठेवा.

फी मागायचं मात्र बघा. शिकवणाऱ्याला पैसे मागायची लाज वाटते, मग पुरुष असो की बाई. आमचे हे तर पोरगं तीन महिने बुडवून आलं तरी "आला का रे, चल वॉर्मअप कर". वही माझ्याकडं आल्यावर घर चालायला लागलं. तुमच्याकडं मात्र तुम्ही फोन करू नका, नाहीतर परत मालक तुम्हीच. क्लासच्या नावाचा नंबर घ्या, त्याच्यावरनं पाच तारखेला मेसेज जाऊ द्या, खाली नाव तिचं. टाईप तुम्ही केला हे कुणाला कळायचं कारण नाही.

पैशाचं. ह्या धंद्यात बारा महिने सारखे नसतात. मार्चला परीक्षा, हॉल ओस. एप्रिल-मेत उन्हाळी शिबिर, पाय ठेवायला जागा नाही, पण आपल्या सोलापूरच्या उन्हात सकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत सोडावं लागतं. जूनला वह्या-पुस्तकांचा खर्च म्हणून पालक फी पुढं ढकलतात. दिवाळीला गळती. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा लागली की आठवडाभर पोरं होम मैदानावर, पाळण्यात. नंदीध्वजाच्या मिरवणुकीपुढं कराटे शिकवायला बसलं तर सिद्धेश्वर माफ करेल, पोरं नाही करणार. म्हणून शिबिराचा पैसा मी वेगळा ठेवते, तो मार्च आणि नोव्हेंबरला खायचा. हॉलचं भाडं मात्र बारा महिने द्यावं लागतं, हे मालकाशी बोलताना डोक्यात ठेवा. मे महिन्याची गर्दी बघून हॉल ठरवू नका.

तुमच्या मॅडमचा खेळ २००० च्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये टिकून आहे, हे एक बरं. आमचं कराटे टोकियोला एकदा आलं आणि २०२४ ला पॅरिसला बाहेर. पालक हे विचारतात बरं का, पोरगं पांढऱ्या पट्ट्यावर असलं तरी.

आता वेळेचं. आमच्यात साडेचारलाच स्वयंपाक उरकतो. आणि नाहीच झाला तर कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. सोलापुरात घरात कडक भाकरी असताना कुणी उपाशी झोपतंय होय? पाण्याच्या दिवशी पाणी तुम्ही भरायचं. कंटेनर असला तर शेजाऱ्याच्या पोराला सांगून ठेवायचं. तिला क्लासच्या मधून हाक मारायची नाही. एवढं एक घरात ठरवाच. देवाच्या पूजेला बसलेल्या माणसाला आपण हाक मारतो का? मग क्लासमधल्याला का मारायची?

सासूबाईंचं. माझ्या सासूबाई पण सुरुवातीला तोंड वाकडं करायच्या, पोरगा नोकरी बघायचं सोडून "हा हू" करतो म्हणून. ह्यांनी त्यांना एक दिवस क्लासला नेऊन दाराशी खुर्ची दिली. काही समजावलं नाही. दोन दिवसांनी सासूबाई चपला रांगेत लावल्या नाहीत म्हणून पोरांना रागवायला लागल्या. मग कुणाची आई आली नाही, कोण उपाशी आलंय, कुणाला ताप आहे, सगळं त्यांना माहीत. एका पोरीला बाहेर एक माणूस रोज थांबून बघतोय हे पहिल्यांदा त्यांनी हेरलं, ह्यांनी नाही. मुलींच्या आयांना दारात एक म्हातारी बाई बसलेली असली की फार धीर येतो. तुमच्याकडं तर निम्म्याच्या वर मुली आहेत म्हणता. आईंना खाली आणा की. गॅलरीतनं ओरडायला लांबनं घसा तरी किती ताणायचा!

आणखी एक सांगते, मग थांबते. ह्यांचे जे मूळ गुरू, फुनाकोशी, १८६८ चा जन्म, ओकिनावाचे, ते शाळामास्तर होते. घरात खाणारी तोंडं बरीच, पगार तुटपुंजा. ते रात्री कराटे शिकायला जायचे तेव्हा घर त्यांच्या बायकोच्या मागावर चालायचं. ती रात्री जागून कापड विणायची, पहाटे मैलभर लांब चालत जाऊन भाजीचा तुकडा पिकवायची. हे मला कळलं तेव्हा मी ह्यांना म्हणलं, म्हणजे तुमचं सगळं शोटोकान आमच्या साळ्या-पद्मशाल्यांच्याच जिवावर उभं आहे की! पुढं १९२२ ला ते टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले ते तिकडंच राहिले, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट करून, राखण करून शिकवायचे. बायको गावीच राहिली, पूर्वजांचं सगळं करायला. लढाई संपल्यावर कुठं दोघं भेटले, आणि १९४७ ला ती गेली. मोठं काम झालं खरं, पण तिनं जे सोसलं ते मी तरी सोसलं नसतं. तुम्ही दोघांनी पण सोसू नका. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. ती बाई स्वतः कराटे करायची. थकली की अंग चेपून घ्यायच्या ऐवजी बाहेर जाऊन काता (कराटेच्या ठरलेल्या हालचालींचा क्रम) करायची, आणि गल्लीतली भांडणं सोडवायला लोक तिलाच बोलवायचे.

बाकी हॉल घेताना बाथरूम बघा. मुलींचे क्लास बाथरूम नसल्यामुळं बंद पडतात, खेळामुळं नाही.

कुमठा_नाका

काकूंचं चांगलं आहे. मी दुसरी बाजू सांगते. माझा नवरा पण शिकवतो, प्रकार सांगत नाही, गावात ओळखतील.

साथ द्यायला माझी हरकत कधीच नव्हती. पण बेल्ट परीक्षेच्या फीतला हिस्सा वर जातो, वार्षिक नोंदणी वर जाते, स्पर्धेची एन्ट्री, पंच परीक्षेची फी, सेमिनारची फी, प्रत्येक डिग्रीला पुन्हा फी. त्यात एकाच खेळाच्या संघटना दोन-दोन, एकीचं सर्टिफिकेट दुसरी मानत नाही. गरीब घरातलं चांगलं पोरगं असलं की त्याचा खर्च सरच करणार. का, तर "पोरात दम आहे". दम आहे हे मलाही दिसतं. पण एकदा माझ्या पाटल्या गहाण पडल्या एका टीमच्या प्रवासासाठी, आणि मला ते सोनाराकडून नाही, घरात पावती सापडल्यावर कळलं.

त्या दिवसापासून क्लासचं खातं वेगळं आहे. त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम पगार म्हणून घरात येते, मग क्लास भरलेला असो की रिकामा. उरलं तर पोरांवर खर्च करा, सोन्याचे पट्टे घाला त्यांना, मी विचारणार नाही. उरलं नाही तर नाही. आता भांडण होत नाही.

तुम्ही नवरा आहात म्हणून सांगते. तुमचा पगार आहे, म्हणजे तिच्या क्लासचा तोटा तुमच्या पगारातून गुपचूप भरला जाणार. तसं होऊ देऊ नका, ते तिच्यासाठीच वाईट. तोटा कागदावर तिला दिसला पाहिजे. हॉलचं डिपॉझिट तुम्ही दिलंत तर उसने म्हणून द्या आणि लिहून ठेवा. बायकोला उसने देणं वाईट दिसतं असं वाटेल. पाटल्या परत आणायला जास्त वाईट वाटतं.

शाळा लगेच सोडू नये असं माझं मत. आधी सकाळची बॅच उभी करून बघा.

तालमीतला

आमचे वडील वस्ताद होते. तालमीत आईनं कधी पाय ठेवला नाही, बाईमाणसानं जायचं नाही अशी तेव्हाची रीत. पण गावाकडनं आलेली चार-पाच पोरं कायम आमच्या घरी जेवायला. दूध किती लागायचं विचारू नका. आई कुणाला काही बोलली नाही, पण वडील गेल्यावर सांत्वनाला आलेले सगळे पैलवान आधी आईच्या पाया पडले. काकूंच्या मताला माझं अनुमोदन, आईंना खाली आणा. म्हाताऱ्या माणसाला पोरं पाया पडायला लागली की निम्मा विरोध तिथंच गळतो. आमच्याकडं लाल मातीत हे रोजचं आहे, तुमच्याकडं पण वाकून नमस्कार असतोच.

विमावाला_सात_रस्ता

दोन कामाच्या गोष्टी.

नोकरी सोडण्याआधी वहिनींची आरोग्य पॉलिसी काढून घ्या किंवा असलेली तपासा. प्रपोजल फॉर्ममध्ये व्यवसाय "गृहिणी" किंवा नुसतं "शिक्षिका" लिहू नका. "तायक्वांदो प्रशिक्षक" असं स्पष्ट लिहा. आरोग्य पॉलिसींमध्ये एक ठरावीक अपवाद असतो: धोकादायक किंवा साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. त्यात गिर्यारोहण, स्कूबा डायव्हिंग, मोटर रेसिंग, राफ्टिंग अशी नावं दिलेली असतात. मार्शल आर्टचं नाव त्या यादीत नाही, पण यादी "यांसह" अशी असते, म्हणजे वाद घालायला जागा राहते. कंपनीला आधीच ईमेल करून लेखी उत्तर घ्या. गुडघ्याचं लिगामेंट गेल्यावर विचारण्यात अर्थ नाही. शिवाय वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्या, कारण ती दोन महिने उभी राहू शकली नाही तर दवाखान्याचं बिल भागेल, पण बुडालेली फी आरोग्य पॉलिसी देत नाही.

जीएसटीची भीती कुणी घातली तर घाबरू नका. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोपर्यंत नोंदणी लागत नाही. चाळीस पोरांत तिथवर पोचणार नाही. फंड आता नसणार, म्हणून तिच्या नावाने पीपीएफ उघडा, १५ वर्षांची मुदत असते. पैसे मधेच सहज निघत नाहीत हाच त्याचा फायदा. कुमठा_नाका ताईंना विचारा.

पोरांच्या पालकांकडून संमतीपत्र घेता ना? घेत नसाल तर हॉलच्या आधी ते.

पालक_नं_१

मी पालक आहे, माझी पोरगी एका मॅडमकडं जाते (तुमच्याकडं नाही, मी लष्कर भागात राहतो). आम्ही मॅडमच्या मिस्टरांना का फोन करतो, खरं सांगू? मॅडम क्लासमध्ये असतात, फोन घेत नाहीत, आणि क्लास संपल्यावर आठला फोन करायला संकोच वाटतो, घरी स्वयंपाकाची वेळ असेल म्हणून. मिस्टर मात्र कधीही उचलतात. तुम्ही उचलायचं बंद करा आणि मॅडमची फोनची वेळ बोर्डावर लिहा. संध्याकाळी पाच ते सव्वापाच, समजा. आमचाही प्रश्न सुटेल.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचा रिप्लाय तिला वाचून दाखवला. पायजम्याच्या कळीवर ती इतकी हसली की मला वाटलं बाकीचं काही ऐकलंच नाही, पण रात्री म्हणाली, "बाथरूमचं बरोबर आहे, त्या हॉलचं बाथरूम मी बघितलंच नाही." काल जाऊन बघून आलो. एकच आहे आणि त्याला आतून कडी नाही. मालक म्हणतो बसवून देतो. बसवल्यावर बोलू म्हणून सांगितलंय.

कुमठा_नाका ताई, खातं वेगळं करायचं ठरलं. उसन्याचं मी बोललो तर ती म्हणाली, व्याज किती लावणार? अजून ठरायचंय. शाळा ती जूनपर्यंत धरून ठेवायला तयार आहे, तोपर्यंत सकाळची बॅच इथंच सोसायटीत सुरू करणार.

फोनवर पाच ते सव्वापाच हे फार आवडलं. माझ्या फोनवर आता क्लासच्या कुणाचा फोन आला की मी उचलत नाही, मेसेज टाकतो, "मॅडमना ५ ला करा". एक पालक लगेच नाराज झाले. होऊ देत.

आईला खाली येऊन बस म्हणालो. "मी कशाला बसू, मला काय कळतंय त्यातलं." पण काल पाणी आलं तेव्हा ओरडली नाही. स्वतःच मोटर लावली, आणि ती बंद करायची विसरली, टाकी वाहून गेली. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही, मीही नाही.

आता शेवटचा प्रश्न. हॉल झाला तर मॅट लागतील. नवीन महाग आहेत. कुणाकडं वापरलेले पझल मॅट आहेत का? आणि जुने घेताना काय बघायचं?

शोटोकानच्या_काकू

ह्यांना विचारून सांगते: २५ एमएमच्या खालचे घेऊ नका, पडापडीला पातळ मॅट कामाचा नाही. प्रत्येक तुकडा हातात घेऊन अंगठ्यानं जोरात दाबायचा. खड्डा लगेच भरून आला तर घ्या, तसाच राहिला तर आतनं मेलाय, सोडून द्या. कडेचे दात तुटलेत का बघा, कारण दात तुटले की मॅट सरकतात आणि पोराचा अंगठा फटीत जातो. वास घेऊन बघा. बुरशी आलेला मॅट उन्हात टाकून बरा होतो असं विकणारा सांगेल, होत नाही. सोलापूरचं ऊन असलं तरी.

वापरलेल्यांची चौकशी ह्यांना करायला सांगते. चपलांचा रॅक पण घ्या, विसराल.